सावलीची प्रशासकीय मान्यता

"सदर घड्याळ पावसाळ्यात बंद राहील किंवा कसे, याबाबत खुलासा सादर करावा." प्रस्तावाच्या समासात हिरव्या शाईने लिहिलेलं हे वाक्य ताईने मला फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. ताई म्हणजे माझी आतेबहीण. माणदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. शाळेच्या मैदानात छायाघड्याळ बसवायला परवानगी मागणारा कागद तिने तालुक्याला पाठवला होता, तो हा शेरा अंगावर घेऊन परत आला होता. अर्धं आयुष्य पावसाची वाट बघण्यात घालवणाऱ्या मुलखात पावसाळ्यात घड्याळ बंद पडेल याची काळजी! पण फोन ठेवल्यावर हसू फार टिकलं नाही. रात्री अंथरुणावर ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवू लागलं, कारण प्रश्न चुकीचा नव्हताच. सावलीवर चालणारं यंत्र ढगाळ दिवशी काय करणार? हे विचारणाऱ्या माणसाने प्रस्ताव वाचला होता, घटकाभर ते घड्याळ डोळ्यांसमोर आणलं होतं, वर आभाळ भरून आलेलंही पाहिलं होतं. चौथीतल्या पोराने हेच विचारलं असतं तर आपण त्याची पाठ थोपटली असती. इथे त्या कुतूहलाचा खुलासा झाला, खुलाशाला जावक क्रमांक पडला, आणि मग कागद कुठल्या टेबलावर आहे हे शोधण्यात पुढचे दिवस गेले.

कल्पना मुळात पोरांची. ताईच्या शाळेत ध्वजस्तंभाची सावली सरकत सरकत व्हरांड्याच्या पायरीवरच्या एका तड्याला टेकली की मधली सुट्टी होते, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक होतं. घंटेची पाळी ज्याची असेल तो ऑफिसातल्या घड्याळाकडे न बघता पायरीकडे बघायचा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा सावलीने ती पायरी ओलांडलेली होती. पाचवीतली एक मुलगी ताईला म्हणाली, "बाई, सावली वरच्या पायरीवर चढली की वो. आता सुट्टी कधी?" ताईने दक्षिणायन वगैरे सांगून पाहिलं, मुलीचं समाधान झालं नाही, आणि संध्याकाळी मला फोन आला. मी पुण्याचा, पोटापाण्यासाठी यंत्रांची ड्रॉइंग काढतो आणि सुट्टीच्या रात्री दुर्बीण घेऊन डोंगरावर जाणाऱ्यांत माझी ऊठबस आहे. त्यामुळे घरात कोणालाही सूर्य-चंद्राबद्दल काही अडलं की फोन माझ्याकडे येतो, अगदी ग्रहणात गरोदर बाईने विळी हातात घ्यावी का इथपर्यंत.

छायाघड्याळ ही तशी फार साधी गोष्ट. आडव्या तबकडीवर एक तिरका काटा, त्याची कड उत्तर ध्रुवाकडे रोखलेली. ती कड जमिनीशी जो कोन करते तो त्या गावाच्या अक्षांशाइतका. लंडनला तो साडेएक्कावन्न अंश, तिथला काटा चांगला छाती काढून उभा असतो. ताईच्या शाळेचा अक्षांश १७.७. म्हणजे तळाशी साठ सेंटिमीटर लांबीच्या काट्याची उंची जेमतेम एकोणीस सेंटिमीटर. आपल्याकडचा काटा जवळजवळ आडवाच. मला वाटलं, एवढ्याशा पत्र्याला कोण घाबरणार? पण ड्रॉइंग काढायला बसलो तेव्हा पहिली शंका माझीच मला आली. हा काटा जमिनीलगत बसवला तर लंगडी खेळणारं पोर त्याला अडखळून त्यावरच पडणार. मग तो चौथऱ्यावर बसवावा, म्हणजे वेळही नीट वाचता येईल. पण चौथरा मोठ्यांच्या कमरेइतका केला, तर काट्याचं टोक बरोबर दुसरीतल्या पोराच्या डोळ्यासमोर येतं. खाली ठेवलं तर गुडघा, वर ठेवलं तर डोळा. ही अडचण कुठल्या साहेबाने शोधून काढलेली नाही, ती वस्तूतच आहे.

तोडगा मला सापडला होता. काट्याचं टोक कापून टाकलं तरी घड्याळाचं काही बिघडत नाही. वेळ सांगते ती तिरकी कड. टोकाचं काम फक्त दिसायला चांगलं दिसणं. टोक गोल घासायचं, पत्रा जाड घ्यायचा, कडा बोथट करायच्या. हे सगळं मी खुलाशात व्यवस्थित लिहिलं आणि त्यात एका जागी 'काट्याची धार' असा शब्द गेला. कागद परत आला: "सदर वस्तूस धार असल्याचे नमूद आहे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अभिप्राय घ्यावेत."

कोणाचे अभिप्राय? तर बांधकाम उपविभागाचे. मी ताईबरोबर तिथे गेलो. चुन्याचा रंग उडालेल्या भिंती, छतापर्यंत बांधून ठेवलेले गठ्ठे, पंख्याच्या वाऱ्याने एका लयीत फडफडणारं कॅलेंडर. शाखा अभियंता तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने ड्रॉइंग टेबलावर पसरलं, दोन बाजूंना स्टॅपलर आणि पेपरवेट ठेवला आणि तो मनापासून बघायला लागला. अंश कसे मोजले, उत्तर कशी धरणार, होकायंत्राने का. मी सांगितलं की होकायंत्र ध्वजस्तंभाच्या लोखंडापाशी भरकटतं. त्यापेक्षा सपाट जागेवर शंकू, म्हणजे एक सरळ काठी, उभा करून त्याच्याभोवती वर्तुळ आखायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं आणि दुपारनंतर बाहेर पडतं ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात वेदी आखण्यासाठी हीच रीत दिली आहे. तो उठला, खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात त्याने पेन उभं धरलं, कागदावर सावलीच्या टोकाशी टिंब केलं आणि आमच्याशी बोलता बोलता पुन्हा पुन्हा तिकडे बघत राहिला. चहा आला तोवर सावली टिंबापासून सरकलेली होती. "भारीच आहे की," तो म्हणाला. मग खुर्चीवर बसला, ड्रॉइंगची नीट घडी केली आणि म्हणाला, "पण सही मी नाही करणार, मॅडम. उद्या एखादं पोर पडलं तर चौकशीत पहिला प्रश्न येतो, परवानगी कोणी दिली. पोर कसं पडलं, हा नंतरचा."

त्याने आणखी एक अडचण सांगितली, ती मला तर अगदी भावली. त्यांच्याकडे कामाचं अंदाजपत्रक दरसूचीवरून होतं. दरसूचीत खोदकाम आहे, विटांचं बांधकाम आहे, गिलावा आहे, लोखंडी गज आहे. छायाघड्याळ ही बाबच नाही. पैसे सरकारचे नव्हते, गावातल्या लोकांनी वर्गणी काढली होती. तरी वस्तू शाळेच्या आवारात येणार म्हणजे जडवस्तू नोंदवहीत चढणार, आणि तिथे चढवायची तर ती कशात मोडते हे ठरायला हवं. फर्निचर? क्रीडा साहित्य? प्रयोगशाळा साहित्य? मोडली तर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून तिचं नाव कमी करणं, कोणत्या नियमाने करायचं? मी हसलो, ताई हसली नाही. तिच्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळातल्या मोडक्या बाकांचा हिशेब तिला नुकताच द्यावा लागला होता.

नाही असं मात्र कोणीच म्हणालं नाही.

हे मला सगळ्यात जड गेलं. नकार असता तर भांडता आलं असतं, वरच्या साहेबाला भेटता आलं असतं, वर्तमानपत्रात चार ओळी छापून आणता आल्या असत्या. इथे प्रत्येकाने कौतुक केलं आणि कागद शेजारच्या टेबलाकडे सरकवला. 'उपक्रम स्तुत्य आहे' हे वाक्य त्या फायलीत इतक्या जागी आहे की वाचणाऱ्याला वाटावं, घड्याळ केव्हाच बसलं असणार.

परतीच्या एसटीत मला भास्कराचार्य आठवत होते. लीलावती ११५० च्या सुमाराची, आणि तिच्यात छायाव्यवहार म्हणून एक आख्खं प्रकरण आहे. त्यातलं एक गणित मला फार आवडतं. बारा अंगुळांचा शंकू. त्याच्या दोन सावल्या. सावल्यांच्या लांबीतला फरक १९ अंगुळे आणि कर्णांमधला, म्हणजे शंकूच्या माथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंतच्या अंतरांमधला, फरक १३. तर सावल्या किती लांब? उत्तर येतं साडेबावीस आणि साडेतीन. कर्ण साडेपंचवीस आणि साडेबारा. आकडे किती प्रेमाने निवडलेत बघा, वर्गमूळ काढताना कुठे अडखळायला होत नाही. बारा अंगुळं म्हणजे साधारण एक वीत. सह्याद्रीच्या या अंगाला राहून त्या माणसाने एका वितीच्या काठीकडून एवढं काम करून घेतलं. पुढे सवाई जयसिंहाने जयपूरला तीच कल्पना सत्तावीस मीटर उंचीची बांधली. त्या छायाघड्याळाची, सम्राट यंत्राची, तिरकी भिंत तिथल्या अक्षांशाइतकी कललेली आहे आणि त्याच्या चापावर दोन सेकंदांच्या खुणा आहेत. त्या चापाशी उभं राहिलं तर सावली सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसते, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला होता. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेलं असतं, तिथे ती आपल्यासमोर फिरते. ताईच्या शाळेत तेवढं भव्य काही नको होतं. साठ सेंटिमीटरचा पत्रा हवा होता.

आणखी एक हरकत निघाली, ती सुरक्षिततेची नव्हती. हे घड्याळ चुकीची वेळ दाखवतं, विद्यार्थ्यांचा गोंधळ होईल. कोणीतरी खरोखर माहिती काढली होती. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. ताईची शाळा त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला, म्हणजे तिथे सूर्य बत्तीस मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्याचे अजून साडेअकराही झालेले नसतात. आता यात चूक कोणाची? १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने ती सहजासहजी घेतली नव्हती. मुंबईची आपली वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती, आणि त्यानंतर कितीतरी दशकं शहरातली काही घड्याळं हट्टाने तीच दाखवत राहिली. लोकांना आपला मध्यान्ह सोडवत नव्हता. मला उलट वाटतं, पोरांचा गोंधळ व्हायलाच हवा. दहावी होईपर्यंत आपण मुलांना रेखांशाची गणितं पाठ करायला लावतो आणि ती गणितं जिथे जमिनीवर पडलेली दिसतात तिथे गोंधळ होईल म्हणून कुंपण घालतो. तरी मी खुलाशात लिहून टाकलं की तासांच्या खुणा बत्तीस मिनिटं सरकवून देता येतात. फायलीशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

चिडणं सोपं होतं आणि मी पुष्कळ चिडलो. पण एका संध्याकाळी ताईच्या अंगणात बसलो असताना ती म्हणाली, "तुला कुंभकोणम आठवतं?" आठवत होतं. १६ जुलै २००४. शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. ताई तेव्हा नोकरीत नवी होती, तिच्या वर्गाचंही छप्पर धड नव्हतं. त्या प्रकरणाच्या पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, २००९ मध्ये निकाल आला, शाळाशाळांतून अग्निशमनाची लाल नळकांडी लागली. "त्या प्रत्येक नियमामागे कोणाचं तरी लेकरू आहे रे," ताई म्हणाली. "मला त्या नियमांचा राग नाही येत. मला भीती वाटते ती वेगळी. काही झालं तर निलंबन माझं होणार, त्यांच्यातल्या एकाचंही नाही." अंगणातल्या कडुलिंबाखाली तिची नात एका खिळे वर आलेल्या पाटावर उभी राहून उड्या मारत होती. ताईने बोलता बोलताच उठून तिला खाली उतरवलं, दगडाने खिळे ठोकले आणि पोरीला पुन्हा पाटावर चढू दिलं.

शाळेच्या मैदानात त्या वेळी काय काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एक घसरगुंडी, जिचा पत्रा मधोमध फाटून वर वळलेला. पोरं त्या जागी पाय फाकवून घसरत. कुंपणाला लागून विजेची डीपी, तिचं दार सुतळीने बांधलेलं. लोखंडी ध्वजस्तंभ, ज्याच्या वरून फार दूर नाही अशी तार गेलेली. या तिन्ही गोष्टी नोंदवहीत होत्या किंवा दुसऱ्या खात्याच्या होत्या. म्हणून त्यांच्याबद्दल खुलासा मागण्याचा प्रश्न येत नव्हता. घसरगुंडीच्या दुरुस्तीचा कागद ताईने घड्याळाच्या खूप आधी पाठवलेला, त्याचं उत्तरही आलेलं नव्हतं. जुना धोका सगळ्यांच्या ओळखीचा असतो, त्यावर कोणाची ताजी सही नसते. नव्या वस्तूवर मात्र सही लागते, आणि त्या फायलीत जपलं जात होतं ते सही करणाऱ्याला. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये सुरक्षिततेच्या नावाखाली खेळांवर इतकी बंधनं आली की तिथल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या सरकारी संस्थेलाच २०१२ मध्ये निवेदन काढावं लागलं: मुलांच्या खेळातला धोका संपूर्ण नाहीसा करणं हे उद्दिष्ट नाही, त्यातून मिळणारा लाभही तोलून बघा. ते निवेदन मी छापून ताईला दिलं. तिने ते फायलीला लावलं नाही. "परदेशातला कागद लावला की त्याचाही खुलासा मागतील," ती म्हणाली. तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे.

वाट शेवटी रंगकामातून निघाली. शाळांमध्ये 'बाला' नावाचा प्रकार आहे, इमारतच शिक्षणाचं साधन व्हावी म्हणून. दाराखाली कोनमापक रंगवायचा, पायऱ्यांवर अंक लिहायचे, खांबावर उंचीची पट्टी. त्यासाठी वेगळी मान्यता लागत नाही, कारण ते रंगकाम. ताईने विचारलं, "तुझं घड्याळ नुसतं रंगवता येईल का? काट्याशिवाय?" येतं की! काट्याच्या जागी माणूस उभा करायचा. जमिनीवर लंबवर्तुळ काढून त्यावर तासांचे बिंदू मांडायचे, मध्ये दक्षिणोत्तर रेषेवर महिने लिहायचे. चालू महिन्याच्या खुणेवर मूल उभं राहिलं की त्याची सावली ज्या बिंदूच्या दिशेने पडते तो तास. टोक नाही, धार नाही, चौथरा नाही, निर्लेखन नाही. इंटरनेटवर याची तयार चित्रं पुष्कळ मिळतात, पण बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतली. ती आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाहीत. चार मीटर रुंदीचं लंबवर्तुळ लंडनला मध्यापासून दीड मीटरहून जास्त फुगतं, ताईच्या शाळेत तेच फक्त ६१ सेंटिमीटर. आणि आपल्याकडची खरी मजा महिन्यांच्या रेषेत आहे. जूनची खूण मध्यापासून ८३ सेंटिमीटर उत्तरेला येते, म्हणजे लंबवर्तुळाच्या बाहेर! कारण मेच्या १० तारखेच्या आसपासपासून ऑगस्टच्या १-२ तारखेपर्यंत तिथे भर दुपारी सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. लंडनच्या पोराला हे जन्मात दिसणार नाही. माणदेशातल्या पोराला दिसू शकतं, फक्त मे महिन्यात त्याला सुट्टी असते.

गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने दोन दिवसांत काम केलं. कोब्यावर ऑइलपेंटचा वास, उन्हाने तापलेल्या सिमेंटवर रंग पडता पडता सुकत होता, आणि कठड्यावर रांगेने बसलेली पोरं त्याला चुका सांगत होती. सगळं पार पडलं असं वाटत असतानाच तालुक्याहून एक पत्र आलं. या उपक्रमात विद्यार्थ्यांना उन्हात उभे केले जाणार असल्याने शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ चा, म्हणजे शारीरिक शिक्षेला मनाई करणाऱ्या कलमाचा, भंग होणार नाही याची दक्षता घ्यावी.

या पत्रावर मात्र मला हसता आलं नाही. आमच्या शाळेत गृहपाठ न केलेल्यांना ध्वजाच्या कट्ट्यापाशी उन्हात उभं करत. चपला काढून. मार्चमध्ये ती फरशी अशी तापायची की एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासायचा आणि सर बघत नाहीत तोवर पुन्हा दुसरा. रडू येऊ नये म्हणून मी खाली बघत राहायचो, आणि खाली माझी सावली असायची. एक खडा नजरेत धरायचा. सावलीचा खांदा त्या खड्याला लागला की तास संपत आला. असं करता करता कधीतरी माझ्या लक्षात आलं की सकाळच्या तासाला सावली भरभर आखडते आणि दुपारी नुसती बाजूला वळते. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्या सरांचे उपकार मानावेत असं मला अजिबात वाटत नाही. पायाला आलेले फोड आईने हळद-तेल लावून बरे केले होते. पण ज्या गोष्टीवर मी पुढे आयुष्यभर जीव लावला ती पहिल्यांदा तिथे, शिक्षा म्हणून भेटली, हेही नाकारता येत नाही. त्या पत्रातल्या दक्षतेने माझ्यासारख्या एखाद्या पोराचे तळपाय वाचणार असतील तर ती दक्षता मला हवी आहे. आणि तरीही कोणी स्वतःहून, हौसेने, पाच मिनिटं उन्हात उभं राहत असेल तर त्याला आत बोलावू नये असंही वाटतं. या दोन वाटण्यांची सांगड मला अजून घालता आलेली नाही.

ताईने ती आपल्या पद्धतीने घातली. घड्याळावर कोणी उभं राहायचं हे बाई सांगणार नाहीत, ज्याला वाटेल त्याने राहावं, चप्पल घालून. उन्हाळा लागला की उष्माघाताच्या सूचना येतात, १२ ते ३ मुलांना उन्हात सोडू नये. तेव्हा शाळा सकाळची असते, त्यामुळे त्या महिन्यांत घड्याळाचा पूर्वार्ध तेवढा वापरायचा. दुपारचे बिंदू वापराविना कोरे राहिले, सकाळच्या बिंदूंचा रंग उडत चालला. फेब्रुवारीत पोरांनी नवीन तक्रार आणली: बत्तीस मिनिटं धरूनही हे घड्याळ ऑफिसातल्या घड्याळाच्या मागे पडतं. चौदा मिनिटांनी. नोव्हेंबर आला तेव्हा तेच सोळा मिनिटं पुढे गेलं. पृथ्वीची कक्षा नेमकी वर्तुळ नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्याचा हा परिणाम. वर्षातून चारच दिवस दोन्ही घड्याळं जुळतात, १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास. सातवीतल्या मुलांनी भिंतीवर तक्ता लावला आणि रोज फरक लिहायला सुरुवात केली. विस्तार अधिकारी भेटीला आले तेव्हा त्यांनी तो तक्ता बघितला, स्वतः खुणेवर उभे राहिले, मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि भेटीच्या वहीत 'उपक्रम स्तुत्य आहे' असं लिहून गेले.

पावसाळा संपला तेव्हा अर्ध्या खुणा गेल्या होत्या. पुन्हा रंग काढायला तरतूद नव्हती, एकदा रंगकाम झालं की इतक्यात पुन्हा दाखवता येत नाही. मी म्हटलं, पेंटरचे पैसे मी देतो. ताई नको म्हणाली. शनिवारी तिने सातवीच्या मुलांना दोन खुंट्या आणि दोरी दिली. खुंट्यांमधलं अंतर ३ मीटर ८१ सेंटिमीटर, दोरी बरोबर चार मीटर, दोरी ताणून खडू फिरवला की लंबवर्तुळ. त्याच खडूच्या रेघेवरून पोरांनी फक्की ओतली, जशी कबड्डीच्या मैदानाला ओततात. दहाचा बिंदू त्यांनी चुकीचा मांडला आणि दुपारपर्यंत आपापसात भांडून दुरुस्तही केला. पाऊस आला की ते जातं, मग पुढच्या शनिवारी पुढची तुकडी आखते. परवाच्या फोनवर मी ताईला विचारलं, याला कुठला कागद लागला का? "कसला रे कागद," ती म्हणाली. "फक्की तेवढी क्रीडा साहित्यातली वापरली, ती खर्ची टाकली आहे."